मधपेटी उघडण्याआधी : मानसिक आजारातून सावरणाऱ्या तरुणांना मधमाशीपालन शिकवायचं असेल तर

माझा धाकटा भाऊ 21 वर्षांचा असताना आजारी पडला. स्किझोफ्रेनिया. कॉलेज सुटलं, मित्र पांगले. औषधांनी कानातले आवाज थांबले, तरी तो दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. नातेवाईक म्हणायचे, आळशी झालाय. काही करावंसं न वाटणं हे या आजाराचंच लक्षण आहे, हे डॉक्टरांनी समजावेपर्यंत आम्हीही त्याला नको नको ते बोललो होतो. आज आमच्या उत्तर सोलापूर तालुक्यातल्या शेतावर तो 8 पेट्या सांभाळतो आणि त्याच्याबरोबर आणखी चौघं शिकतात. ओपीडीच्या बाकावर ओळख झालेले पालक विचारतात, ताई, आमच्या मुलालाही असं काही शिकवायचंय, सुरुवात कुठून करू? त्यांच्यासाठी आणि अशा मुलांसोबत काम करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

मधमाश्यांनी आजार बरा होत नाही. औषधं आणि डॉक्टर यांच्या जागी पेटी ठेवता येत नाही, आणि कोणी तसं सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. पेटी देते ते काम. ठरलेल्या वेळी करायचं, हळू करायचं, न बोलताही करता येणारं आणि बाजारात किंमत असलेलं काम. ते टिकवायचं तर तीन वेळापत्रकं एकमेकांशी जुळवावी लागतात: माशीचं, औषधाचं आणि सोलापूरच्या उन्हाचं. माश्यांचं वेळापत्रक पुस्तकात सापडतं. उरलेली दोन जुळवायला आम्हाला दोन वर्षं लागली, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त लिहिते आहे.

1. आधी डॉक्टरांकडे, औषधांची चिठ्ठी घेऊन

पेट्या मागवण्याआधी ज्याला शिकायचंय त्याच्यासोबत त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. खासगी डॉक्टर नसतील तर सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात दाखवा. "मधमाशीपालन करू का?" एवढंच विचारलं तर "करा की" एवढंच उत्तर मिळतं. नेमकं विचारा.

पहिला प्रश्न प्रोप्रॅनोलॉलचा. हाताची थरथर, औषधांमुळे येणारी अस्वस्थता किंवा घबराट यांसाठी ही गोळी बऱ्याच जणांना चालू असते. ती बीटा ब्लॉकर गटातली आहे. माशीच्या डंखाची जबरदस्त ॲलर्जी आली तर जीव वाचवायला अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन देतात, आणि बीटा ब्लॉकर चालू असेल तर ते इंजेक्शन हवं तसं काम करत नाही. गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगा की या मुलाला डंख बसण्याची शक्यता आहे, ते पर्याय पाहतील किंवा थेट माश्यांशी काम नको म्हणतील.

दुसरा प्रश्न लिथियमचा, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या औषधाचा. लिथियम चालू असताना अंगातलं पाणी कमी झालं की त्याचं रक्तातलं प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 43-44 अंशांवर जातो, तेव्हा जाड पोशाख आणि जाळी घालून तासभर उन्हात उभं राहणं ही साधी गोष्ट नाही. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरणं, उलट्या, जुलाब, तोल जाणं, बोलणं अडखळणं यातलं काही दिसलं तर काम थांबवून लगेच दवाखाना गाठा.

तिसरा प्रश्न उन्हाचाच. मनोविकारावरच्या कित्येक औषधांनी शरीराचं तापमान सांभाळण्याची ताकद कमी होते. ट्रायहेक्सीफेनिडिलसारख्या गोळीने घाम कमी येतो, क्लोरप्रोमाझिनने कातडी उन्हात चटकन भाजते. तुम्हाला सहन होणारं ऊन त्या मुलाला होईलच असं नाही.

आणि चौथा प्रश्न सकाळच्या गुंगीचा. ओलान्झापिन किंवा क्वेटियापिन रात्री घेणाऱ्याला पहाटे सहाला उठवून शेतावर आणलं तर तो येईल, पण पेटीसमोर डुलक्या घेईल. "रात्रीची गोळी थोडी लवकर घेतली तर चालेल का?" हे विचारा. आमच्याकडे एका मुलाला फक्त दोन तास आधी गोळी घेण्याची परवानगी मिळाली आणि त्याचं येणंच नियमित झालं.

डंखाची ॲलर्जी पूर्वी कधी आली होती का, दमा आहे का, फिट येतात का, हेही याच भेटीत सांगून टाका.

2. स्वतः एक वर्ष माश्या पाळा

ही पायरी कोणालाच आवडत नाही. पण शिकवणाऱ्याचाच हात पेटीवर थरथरत असेल तर शिकणाऱ्याची भीती कशी जाणार? पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, 1962 पासूनची. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, जमलं तर तिथे दोन दिवस राहून या. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत प्रशिक्षण आणि पेट्यांसाठी 50 टक्के अनुदान आहे. अर्जासाठी सोलापुरातल्या जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात चौकशी करा. मोहोळच्या आणि सोलापूरजवळच्या खेडच्या कृषी विज्ञान केंद्रांशीही ओळख ठेवा.

मुलांना मात्र पहिल्याच झटक्यात निवासी प्रशिक्षणाला धाडू नका. नवी जागा, अनोळखी खोली, झोपेची आणि गोळ्यांची विस्कटलेली वेळ, हे सगळं एकदम अंगावर येतं. वर्षभर शेतावर शिकल्यावर माझा भाऊ पुण्याला पाच दिवस राहून आला. त्याआधी गेला असता तर दुसऱ्या दिवशी परतला असता.

3. कोणती माशी, कुठे आणि कधी

आपल्याकडे आग्या, सातेरी, फुलोरी आणि पोयाची माशी या देशी, आणि मेलिफेरा ही बाहेरून आलेली. आग्या आणि फुलोरी पेटीत पाळता येत नाहीत. पाण्याच्या टाकीला, वडाच्या फांदीला लटकलेल्या आग्या मोहोळाच्या वाटेला जायचं नाही, हे मुलांना पहिल्या दिवशीच बजावा. चार महिने पेटी हाताळली की वाटतं आता आपल्याला सगळ्या माश्या कळतात, आणि उन्मादाचा झटका असलेल्या मुलाला तर ते दुप्पट वाटतं.

सातेरी आपली, शांत, पण आपल्या उन्हाळ्यात पेटी सोडून जाण्याकडे तिचा ओढा जास्त. म्हणून मी नवख्यांना मेलिफेरा सुचवते. ज्याला डंख चालणारच नाही, पण माश्यांमध्येच रमायचंय, त्याच्यासाठी डंख न मारणारी पोयाची माशी मडक्यात ठेवता येते. मध अगदी थोडा मिळतो, पण सांभाळणं तितकंच मन लावून करावं लागतं.

सुरुवात पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा. तेव्हा तूर फुलात येते, मागोमाग सूर्यफूल. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास करडई पिवळी होते, फेब्रुवारीत कांद्याच्या बीजोत्पादनाचे गोंडे उमलतात, मग कडुलिंब आणि करंज. शेवगा अधूनमधून साथ देतोच. म्हणजे नव्या मुलाला पहिले चार महिने माश्या आनंदी भेटतात, आणि उन्हाळा येईपर्यंत त्याचा हात बसलेला असतो.

दोनच पेट्या घ्या. एक नको, कारण तुलना करायला दुसरी लागते. दहाही नकोत. जागा रस्त्यापासून आणि गोठ्यापासून लांब, दार पूर्वेकडे, दुपारची सावली, चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या म्हणजे मुंग्या चढत नाहीत. पसरट घमेल्यात खडे टाकून पाणी भरा, खडे नसतील तर माश्या बुडतात. सावलीसाठी पत्रा नको, उसाच्या पाचटाचं छप्पर करा. पत्र्याने आमचं काय झालं ते पुढे सांगते.

आणखी एक गोष्ट, जी कोणी बोलत नाही. शेतावरच्या कीटकनाशकांचं कपाट कुलपात हवं आणि किल्ली तुमच्याकडे. माश्यांसाठीही आणि माणसांसाठीही. मानसिक आजारात कधी कधी जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो, आणि हाताशी विष नसणं हे फार मोठं संरक्षण आहे. कोणी तसं काही बोललं तर हसण्यावारी नेऊ नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो शेडच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

4. पहिले 15 दिवस पेटी उघडायची नाही

हे दिवस हाताला काम देण्याचे. पोळ्याच्या लाकडी चौकटीला तार ओवणं, त्यात मेणपत्रा (माश्या ज्यावर पोळं बांधतात तो मेणाचा पातळ पत्रा) बसवणं, पेटीला रंग देणं, धुराडं पेटवून अर्धा तास धुमसत ठेवणं. सोलापुरात गणवेश शिवणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत, आम्ही पांढऱ्या कापडाचे पोशाख आणि जाळीच्या टोप्या त्यांच्याकडूनच शिवून घेतल्या. मग आमच्यातली एक मुलगी म्हणाली, मलाही शिवायचंय. ती आजही पेटीजवळ जात नाही, पण आमच्या सगळ्या टोप्या तिच्या हातच्या आहेत. तिला मधमाशीपालक म्हणायचं की नाही? मी म्हणते. तुम्हीही म्हणा. सगळ्यांना पेटी उघडायला लावणं हा हट्ट सोडा.

या दिवसांत रोज दहा मिनिटं सगळ्यांनी पेटीपासून पाच-सहा पावलांवर, दाराच्या बाजूला बसायचं आणि फक्त बघायचं. कोणत्या रंगाचा पराग येतोय? दारात पहारा कोण देतंय? तारेवर वेडा राघू येऊन बसलाय का? तो उडत्या माश्या टिपतो. बसताना प्रत्येकाला एकेकट्याने, सर्वांसमोर नाही, विचारा: या गुणगुणण्याचा त्रास होतो का? त्यात काही शब्द ऐकू येतात का? ज्याला नसलेले आवाज ऐकू येण्याचा त्रास आहे त्याच्यासाठी हे फार महत्त्वाचं. एका मुलाला माश्या त्याचं नाव घेतात असं वाटायचं. त्याला आम्ही मध गाळण्याच्या खोलीत काम दिलं, डॉक्टरांना कळवलं, आणि काही महिन्यांनी तो आपणहून पेटीकडे आला. तसंच चेहरा झाकलेली, पांढऱ्या कपड्यांतली माणसं पाहूनही कोणी बिचकू शकतं. सगळ्यांनी आधी एकमेकांसमोर पोशाख घालून, काढून दाखवा.

सूचना एका वेळी एकच द्या. लक्ष आणि लगेचची आठवण या आजारांत कमी पडते, बुद्धी नाही. "धूर दे, झाकण काढ, कडेची चौकट उचल आणि अंडी बघ" हे एका दमात सांगितलं तर मुलगा गोंधळतो आणि आपण मूर्ख आहोत असं समजतो. आम्ही प्रत्येक कामाचे फोटो काढून क्रमाने शेडच्या भिंतीवर लावलेत. विसरलं तर मान वर करून बघायचं, कोणाला विचारायची गरज नाही.

5. पेटी उघडताना

हिवाळ्यात सकाळी साडेनऊ ते अकरा ही वेळ चांगली. बऱ्याच कामकरी माश्या बाहेर गेलेल्या असतात, ऊनही मऊ असतं, गोळीची गुंगी उतरलेली असते. मार्चपासून हीच वेळ आठ-साडेआठवर आणा. त्या दिवशी अंगाला अत्तर नको, डोक्याला वासाचं तेल नको, काळे कपडे नकोत. न्याहारीला केळी नकोत, कारण माशी डंख मारते तेव्हा तिने सोडलेला धोक्याचा वास पिकल्या केळ्यासारखा असतो.

दोघांची जोडी एका पेटीवर. एकाच्या हातात धुराडं, दुसऱ्याच्या हातात चौकटी सुट्या करायची पटाशी. उभं राहायचं पेटीच्या बाजूला, दारासमोर कधीच नाही. दारात धुराचे दोन-तीन झोत, मग दोन मिनिटं काहीच करायचं नाही. धुराने धोक्याचा वास झाकला जातो आणि माश्या पोटात मध भरून घ्यायला लागतात, तेवढा वेळ त्यांना द्यायचा. हे दोन मिनिटांचं थांबणं मला फार मोलाचं वाटतं. ज्याच्या मनात सतत घाई आहे त्याला थांबावं लागतं, आणि ज्याला एरवी सगळे "आवर, आवर" म्हणतात त्याचा संथपणा इथे गुण ठरतो.

झाकण काढून कडेची एक चौकट आधी बाहेर, म्हणजे बाकीच्या सरकवायला जागा होते. चौकट सरळ वर, पेटीवरच धरून बघायची. हात थरथरत असतील तर चौकट टेकवायला लाकडी घोडी करून ठेवा, त्यात कमीपणा नाही. पहिल्या वेळी दहा मिनिटांत पेटी बंद. राणी दिसलीच पाहिजे असं नाही, अंडी दिसली की राणी आहे.

मग वही. तारीख, अंडी दिसली का, पिलावा (अंडी, अळ्या, कोष) किती चौकटींवर, मध किती. कामकरी माशीचं गणित मुलांना पाठ करायला लावू नका, लिहायला लावा: 3 दिवस अंडं, साधारण 6 दिवस अळी, 12 दिवस बंद घर, एकूण 21. आज अंडी दिसलेल्या चौकटीवर खडूने तारीख लिहायची आणि शेजारी 21 दिवसांनंतरची. त्या तारखेला पुन्हा बघायचं. माझ्या भावाने वर्षानुवर्षं "पुढच्या महिन्यात" असा शब्द उच्चारला नव्हता. तो त्याने पहिल्यांदा एका चौकटीबद्दल उच्चारला.

6. डंख बसला तर

बसणारच. काटा दिसला की नखाने लगेच खरवडून काढा, कारण तो सुटल्यावरही विष सोडत राहतो. त्या जागेवर थोडा धूर मारा, पेटी बंद करून बाजूला या. बर्फ लावा. जागेवर सूज, खाज, दुखणं हे दोन-तीन दिवस राहतं. ॲलर्जीची गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवलेलं असू द्या, कारण यातल्या काही गोळ्या आधीच्या गुंगीत भर घालतात.

अंगभर पित्त उठणं, ओठ किंवा जीभ सुजणं, श्वास अडणं, उलट्या, भोवळ यातलं काहीही झालं तर 108 ला फोन करा किंवा हाताशी असलेल्या गाडीतून थेट मोठं रुग्णालय गाठा. इथे एक फसवी गोष्ट आहे. घबराटीच्या झटक्यातही श्वास कोंडतो, छातीत धडधडतं. "हा नेहमीसारखा घाबरलाय" असं म्हणून बसू नका. डंखानंतर श्वास अडला तर तो ॲलर्जीमुळेच आहे असं धरून निघायचं. चुकलात तर एक फेरी वाया जाईल, एवढंच.

7. माश्या गेल्या, किंवा मुलगा आठवडाभर आलाच नाही

पहिल्या वर्षी मी दोन पेट्या पत्र्याच्या छपराखाली ठेवल्या. एप्रिलमध्ये दोन दिवस आम्ही लग्नाला गेलो, घमेल्यातलं पाणी आटलं. परत आलो तर एका पेटीतली मेणाची पोळी मऊ होऊन खाली बसली होती आणि माश्या निघून गेल्या होत्या. चूक माझी होती. पण त्या पेटीवर काम करणाऱ्या मुलाने ती स्वतःवर घेतली. आपल्या वाईट विचारांमुळे माश्या गेल्या, असं तो म्हणू लागला आणि तीन आठवडे घराबाहेर पडला नाही.

तेव्हापासून मी पहिल्याच आठवड्यात सांगते: वसाहती जातात. उष्णतेने, मेणकिड्याने, शेजारच्या रानातल्या फवारणीने, कधी कारण न कळता. गेली की आपण रिकामी पेटी सगळे मिळून उघडतो, कारण शोधतो, वहीत लिहितो आणि पेटी धुऊन ठेवतो. आता उन्हाळ्यात पाचटाचं छप्पर, वर ओलं गोणपाट आणि रोज पाण्याची पाळी असते. पाळीवर दोन नावं असतात, एक कधीच नाही.

माणसंही मधूनच जातात. आजार उलटतो, रुग्णालयात राहावं लागतं. जोडीदार पेटी सांभाळतो, वही चालू ठेवतो. परत आल्यावर "कुठे होतास, काय झालं होतं" अशी उलटतपासणी करू नका. वही हातात द्या, मागचे तीन आठवडे वाचू द्या. मात्र एखादा झोपेविना दोन-तीन दिवस उत्साहात दिसला, जाळी न घालता पेटी उघडू लागला, वीस पेट्यांच्या गप्पा मारू लागला, तर घरच्यांना आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. याच कारणाने, बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य आणणारा आजार) असलेल्या मुलाला पेट्यांच्या स्थलांतरावर नेऊ नका. पेट्या रात्री हलवतात, आणि एका रात्रीचं जागरणसुद्धा त्याला झटक्याकडे नेऊ शकतं. तो सकाळी नव्या जागेवर येऊन पेट्यांची दारं उघडेल.

8. पैसे आणि कागद

पहिल्या वर्षी मधावर भरवसा ठेवू नका. चौकटीचा पाऊण भाग मेणाने बंद झाल्याशिवाय मध काढायचा नाही, नाहीतर पाणी 20 टक्क्यांच्या वर राहून तो आंबतो. मुलांना मध देताना घरी एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला चाटवू नका असं सांगा. विकायचा तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. पैसा दुसरीकडूनही येतो: डाळिंबाच्या आणि कांदा बीजोत्पादनाच्या शेतकऱ्यांना परागीकरणासाठी पेट्या भाड्याने देणं. सांगोला, पंढरपूर, मोहोळ पट्ट्यात डाळिंब आहेच. दहाएक टक्के फुलं उमलल्यावर पेट्या ठेवा, आणि फवारणी करायची असेल तर आदल्या दिवशी सांगायची, असं शेतकऱ्याकडून कागदावर लिहून घ्या.

मिळालेला पैसा ज्याचा त्याच्या बँक खात्यात. थोडा असला तरी. आईबापांच्या हातात नाही, आणि "शिकतोय ना अजून" म्हणून फुकट तर अजिबात नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधल्या 21 प्रकारांत मानसिक आजारही येतो. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर योजनांची दारं उघडतात. ते काढायचं की नाही हे मुलाला ठरवू द्या, काहींना तो शिक्का नको असतो.

बाटलीवरच्या चिठ्ठीचा प्रश्न एकदा आमच्याकडे आला. कोणीतरी भल्या मनाने सुचवलं, "मनोरुग्णांनी तयार केलेला मध" असं लिहा, लोक जास्त घेतील. आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 ने दिलेला आहे, पण आम्हाला कायद्यापर्यंत जावंच लागलं नाही. पाचही जणांनी नाही म्हटलं. आमच्या बाटलीवर करडईचा मध, गावाचं नाव आणि काढल्याची तारीख असते.